त्रिंकोमाली: मुंबईच्या सागवानी जहाजाचे आयुष्य आणि कोकणातल्या आरमाराचे मरण

१/
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात, जुन्या गोदीच्या पाण्यावर तीन डोलकाठ्यांचे एक लाकडी लढाऊ जहाज उभे आहे. काळ्या अंगावर पांढरा पट्टा, त्या पट्ट्यात तोफांच्या खिडक्यांची रांग आणि नाळेवर फेटा बांधलेल्या दाढीधारी पुरुषाची कोरीव मूर्ती. ब्रिटनमध्ये आजही पाण्यावर तरंगत असलेले हे सर्वांत जुने लढाऊ जहाज आहे. मात्र ते ब्रिटनमध्ये बांधलेले नाही. ‘त्रिंकोमाली’ मुंबईत जन्मले.

२/
त्याचे जलावतरण १२ ऑक्टोबर १८१७ रोजी झाले. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. त्याच किनाऱ्यावर, त्याच जातीच्या लाकडातून मराठ्यांची आरमारेही उभी राहिली होती. त्यांतले एकही जहाज आज पाहायला मिळत नाही. एक टिकले आणि बाकीची नाहीशी झाली, हे कसे घडले याचा हा आढावा.

३/
जहाजाची गोष्ट समुद्रावर सुरू होत नाही. ती डोंगरात सुरू होते आणि खाडीने खाली उतरते. म्हणून आरंभ रत्नागिरी जिल्ह्यातील अलोऱ्यापासून. चिपळूण तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, कुंभार्ली घाटाच्या पट्ट्यात वसले आहे. आज त्याची ओळख कोयना जलविद्युत प्रकल्पाची वसाहत अशी आहे. कोयना नदी स्वभावतः पूर्वेकडे वाहून कृष्णेला मिळते. वीजनिर्मितीसाठी वळवलेले तिचे पाणी मात्र या परिसरातून वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते.

४/
पाण्याची ही वाट विसाव्या शतकातली असली, तरी माणसांची आणि मालाची वाट फार जुनी आहे. समुद्रावरून आलेला माल दाभोळच्या खाडीत शिरे, लहान गलबतांतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढे आणि तेथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई. घाटाखालची गावे अशा रीतीने बंदराशी बांधलेली होती. समुद्र डोळ्यांना दिसत नसला तरी त्याचा व्यवहार दारावरून जात होता.

५/
या वाटेच्या तोंडाशी असलेले दाभोळ हे बहमनी आणि नंतर आदिलशाही काळातले मोठे बंदर होते. येथून मक्केला जाणारे यात्रेकरू निघत आणि अरबी घोडे येथे उतरत. डिसेंबर १५०८मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दीवकडे जाताना हे शहर लुटून जाळले. किनाऱ्यावरच्या राज्यांना त्यातून एक कठोर धडा मिळाला. बंदर कितीही श्रीमंत असो, त्याच्यामागे लढाऊ जहाजे नसतील तर ती संपत्ती एका सकाळीपुरतीच असते.

६/
तो धडा सर्वांत गांभीर्याने घेतला तो शिवाजी महाराजांनी. १६५७ ते १६५९च्या दरम्यान कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तेथे जहाजबांधणी सुरू झाली. पुढे दाभोळही स्वराज्यात आले. खाडीच्या मुखावरील अंजनवेलचा किल्ला नंतर सिद्द्यांकडे गेला. अठराव्या शतकाच्या मध्याकडे तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकला, आणि गोपाळगड या नावाने तो आजही ओळखला जातो. वाशिष्ठीचे मुख ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती चिपळूणपासून घाटापर्यंतच्या व्यापाराची किल्ली असे.

७/
या आरमाराची मुख्य जहाजे दोन: गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळत्या नाळेची, तोफा वाहणारी. गलबत लहान, हलके, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळे. अशा वेळी गलबते गुराबेला ओढून शत्रूच्या मागच्या बाजूस नेत, कारण तेथे शत्रूच्या तोफा कमी असत. कोकणाच्या उथळ खाड्या आणि सकाळ-संध्याकाळ दिशा बदलणारे वारे यांतूनच ही युद्धपद्धती घडली.

८/
ही जहाजे मुख्यतः सागाची. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो सहजी कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे सागरी जीव त्याला फारसे लागत नाहीत. युरोपीय ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. पश्चिम किनाऱ्यावरचे सुतार फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत बसवीत आणि सांध्यांत कापूस व राळ भरीत. दुरुस्त्या करत वापरलेले असे जहाज अनेक दशके समुद्रावर राही.

९/
साग तोडायला एक दिवस पुरतो, वाढवायला माणसाचे आयुष्य लागते. याचे भान रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त स्पष्ट दिसते. आरमारासाठी लागणारा साग राज्यातील रानांतून परवानगीने तोडावा आणि कमी पडेल तो परमुलखातून विकत आणावा, असे त्यात सांगितले आहे. आंबा आणि फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची, तरीही त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे.

१०/
हा राजनीतीचा उपदेश आहे, अंमलबजावणीचा अहवाल नाही. प्रत्येक अंमलदाराने तो पाळला असेल, असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना ताकीद द्यावी लागते ती गैरप्रकार घडत असल्यामुळेच. तरीही या मजकुरातून एक गोष्ट सिद्ध होते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोकणातील राज्यकर्त्यांना जहाज, जंगल आणि रयत यांचा परस्परसंबंध माहीत होता, आणि आरमाराच्या नावावर झाडे ओरबाडली तर रयत दुखावेल हेही कळत होते.

११/
मग हे आरमार गेले कुठे? त्याचा मोठा भाग एका दिवसात जळाला. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वैर वाढले होते. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढवला. एका तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ या, आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या जहाजाने पेट घेतला. शेजारी दाटीने नांगरलेल्या गुराबांनी आणि गलबतांनी ती आग झेलली, आणि आंग्र्यांचे आरमार पाण्यावरच राख झाले.

१२/
येथे कथा संपवण्याचा मोह होतो, पण इतिहास तेथे थांबत नाही. विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला, तेथे धुळपांच्या हाताखाली नवे आरमार उभे राहिले आणि १७८३मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. म्हणजे बांधण्याची विद्या आणि लढण्याची रग १७५६नंतरही शिल्लक होती. उणीव होती ती वाढत्या खर्चाचा भार वर्षानुवर्षे उचलणाऱ्या राज्याची. पुण्याच्या राजकारणाचे तोंड जमिनीकडे होते.

१३/
त्याच काळात मुंबईचे तोंड समुद्राकडे वळले होते. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचे काम त्यांच्याकडे आले. १७५०च्या सुमारास तेथे सुकी गोदी बांधून झाली. पुढे दीडशे वर्षे एकाच घराण्यातल्या पिढ्या या गोदीच्या मुख्य जहाजबांधणीकार राहिल्या. वडिलांच्या हाताखाली मुलगा शिके आणि त्याच्या हाताखाली नातू. आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकीने जे मोडले, ते वाडियांच्या घरात वारशाने टिकले.

१४/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये जहाजांसाठी लागणाऱ्या ओकची टंचाई झाली. तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या सागाकडे पाहिले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १८१०मध्ये पाण्यात उतरले. त्यामागून ‘कॉर्नवॉलिस’ आणि ‘वेलस्ली’ आली. जगातील सर्वांत बलाढ्य नौदल आपली पहिल्या फळीची जहाजे आता पारशी बांधणीकाराकडून करून घेत होते.

१५/
‘त्रिंकोमाली’ बांधण्याचा हुकूम १८१२मधला. त्याचे आराखडे ‘जावा’ या जहाजातून हिंदुस्थानकडे निघाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि आराखडे गेले. दुसरी प्रत मुंबईला पोहोचून बांधणी सुरू व्हायला १८१६ उजाडले. योगायोग असा, की १७९७चे ते ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बॉस्टनच्या बंदरात पाण्यावर आहे. आराखडे बुडवणारे जहाज आणि त्याच आराखड्यांवरून पुढे उभे राहिलेले जहाज, दोन्ही टिकली.

१६/
बांधणीच्या आरंभी जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. जहाजाच्या कल्याणासाठी करायचा हा पारशी रिवाज. त्या कण्यावर बरगड्या चढल्या, बरगड्यांवर फळ्या बसल्या. आराखडा इंग्रजी, मुळात एका फ्रेंच जहाजावरून घेतलेला; बांधणीकार पारशी; लाकूड मलबारचे. बांधणीकाराचे नाव इतिहासात नोंदले गेले. करवती ओढणाऱ्या आणि रंधा मारणाऱ्या सुतारांचे हात मात्र फक्त त्या लाकडात उरले आहेत.

१७/
त्या लाकडाचाही एक इतिहास आहे. नौदलाला सागाचा पुरवठा अखंड मिळावा म्हणून कंपनीने १८०६मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्याला वनसंरक्षक नेमले. सागावर सरकारी मक्तेदारी आली. झाडांच्या धन्यांना आपल्याच जमिनीवरचा साग तोडता येईना. असंतोष इतका वाढला, की १८२३मध्ये ही व्यवस्था मोडीत काढावी लागली. ‘त्रिंकोमाली’ याच सतरा वर्षांच्या काळात बांधले गेले. शंभर वर्षांपूर्वी आज्ञापत्राने जी भीती व्यक्त केली होती, ती मलबारात खरी ठरली होती.

१८/
१२ ऑक्टोबर १८१७ला जहाज पाण्यात उतरले. त्या दिवशी दाभोळ, चिपळूण आणि कुंभार्लीच्या पायथ्याची गावे पेशव्यांच्या अंमलाखाली होती. खडकीनंतर काही महिन्यांतच कोकणचे किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती गेले. अंजनवेलही गेले. पेशवाईबरोबर आरमारही संपले. मुंबईच्या गोदीतून बाहेर पडलेल्या जहाजाने ज्या किनाऱ्याकडे पाठ फिरवली, त्या किनाऱ्याचे राज्य त्याच्या मागे बदलले.

१९/
गंमत अशी, की ज्या युद्धासाठी ‘त्रिंकोमाली’ मागवले ते जहाज तयार होण्यापूर्वीच संपले होते. वॉटर्लूची लढाई १८१५मध्ये झाली. एप्रिल १८१९मध्ये ‘त्रिंकोमाली’ पोर्ट्समथला पोहोचले, तेव्हा त्याला काम नव्हते. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ते सुमारे पंचवीस वर्षे बांधून ठेवले गेले. एखाद्या योद्ध्याला हे अपमानास्पद वाटले असते. लाकडाला ते मानवले. न लढल्यामुळे ते वाचले.

२०/
१८४५नंतर त्याची फेररचना झाली. तोफा कमी करून २६ केल्या गेल्या. १८४७ ते १८५० या काळात ते उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या समुद्रात होते, १८५२ ते १८५७ प्रशांत महासागरात. तोवर वाफेची इंजिने आणि लोखंडी पत्रे आले होते. १८६०च्या दशकात ते नौसैनिकांचे प्रशिक्षण-जहाज झाले आणि काही वर्षे हार्टलपूलमध्येच राहिले. १८९७मध्ये ते मोडीत काढण्यासाठी विकले गेले.

२१/
त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर नेल्सनचे जुने ‘फूद्रोयां’ वादळात फुटले. त्यावर मुलांना नाविक शिक्षण देणारे व्हीटली कॉब यांना दुसरे जहाज हवे होते. त्यांनी ‘त्रिंकोमाली’ विकत घेतले आणि त्याला ‘फूद्रोयां’ हेच नाव दिले. पुढे सुमारे नव्वद वर्षे, आधी फॅल्मथला आणि नंतर पोर्ट्समथला, मुले त्याच्या मजल्यांवर समुद्राचे पहिले धडे गिरवत राहिली. १९८७मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले. १९९०पासून २००१पर्यंत जीर्णोद्धार चालला आणि १९९२मध्ये जुने नाव परत मिळाले. मूळ सागवानाचा मोठा भाग अजूनही त्याच्या अंगात आहे.

२२/
अशा जहाजासमोर उभे राहिल्यावर मन प्रसन्न होते, आणि ते योग्यच आहे. पण सौंदर्य पाहताना त्या सौंदर्याचा उपयोगही पाहायला हवा. ‘त्रिंकोमाली’चे थोरले भावंड ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईचेच. अफूच्या पहिल्या युद्धानंतर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह त्याच्याच मजल्यावर झाला आणि हाँगकाँग ब्रिटनकडे गेले. मुंबईच्या कारागिरीचा अभिमान बाळगावा. ती कारागिरी कोणाच्या हुकमाने कोणावर रोखली गेली, हेही त्याच वाक्यात सांगावे.

२३/
आता मूळ प्रश्नाकडे. ‘त्रिंकोमाली’ सागामुळे टिकले, हे उत्तर अपुरे आहे. विजयदुर्गाला जळलेली जहाजेही सागाचीच होती. फरक पडला तो तीन गोष्टींनी. ऐन उमेदीत युद्ध वाट्याला आले नाही. नंतर प्रत्येक पिढीत त्याला कोणीतरी नवे काम दिले: आधी राखीव, मग गस्त, मग शाळा, शेवटी संग्रहालय. आणि दोन वेळा, मोडीच्या उंबरठ्यावर असताना, कोणीतरी पैसे मोजले. लाकूड जहाजाला मुदत देते. ती मुदत वाढवतात ती माणसे.

२४/
कोकणच्या जहाजांना असा सांभाळणारा लाभला नाही. काही जळाली, काही लढाईत गेली. उरलेल्यांना १८१८नंतर धनी नव्हता. निकामी झालेल्या जहाजाचे लाकूड फुकट घालवण्याची चैन किनाऱ्यावरच्या गावांना परवडणारी नव्हती. चांगला सागवान घराच्या तुळईला किंवा नव्या मचव्याला लागतोच. सुतारकी मात्र चालू राहिली. मालाचे मचवे आणि मासेमारीच्या होड्या खाड्याखाड्यांत बांधल्या जात राहिल्या. जहाजे गेली, हात राहिले.

२५/
त्या हातांचे मोल आज पुन्हा कळू लागले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. चित्र महाराष्ट्रातल्या लेण्यातले, शिवणारे कारागीर केरळचे, बांधणी गोव्यातली. आराखडा उपलब्ध नसतानाही हे जमले, कारण फळ्या शिवण्याची विद्या काही कुटुंबांत अजून जिवंत होती.

२६/
हार्टलपूलला जाणे प्रत्येकाला शक्य नाही, पण या इतिहासाचे इकडचे अवशेष जवळ आहेत. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीवर आंग्र्यांच्या काळची, खडक कापून केलेली गोदी आहे. अंजनवेलला गोपाळगडाचे बुरूज आहेत. चिपळूणला गोवळकोटच्या किल्ल्यावरून वाशिष्ठीचे वळण दिसते, आणि त्याच्या वर कुंभार्लीचा घाट. अलोऱ्याच्या बाजूने उतरलेले पाणी त्याच वळणाखालून दाभोळकडे जाते. ज्या खाडीतून गलबते माल घेऊन घाटाच्या दिशेने चढली, ती खाडी अजून वाहती आहे.